भिंतीवरचा कागद आणि भिंतीतली ओल

परप्रांतात बदलून आलेल्या आम्हा मराठी नोकरदारांच्या बिऱ्हाडांत सध्या एका नव्या छंदाने शिरकाव केला आहे. ४ फूट रुंद आणि ६ फूट लांब अशा सरकारी न्हाणीघराच्या भिंतींना कोणता कागद शोभून दिसेल, याची चिकित्सा करणे हा तो छंद. रायपूरच्या आमच्या वसाहतीत गेल्या गणेशोत्सवात चार घरी आरतीला जाण्याचा योग आला. चारही घरी यजमानांनी प्रसाद हाती ठेवण्याआधी आम्हांस न्हाणीघर दाखविले! एकाकडे संगमरवर होता, दुसऱ्याकडे वेळूचे बन, तिसऱ्याकडे नदीतले गोटे, आणि चौथ्याकडे माडांच्या रांगेसह सबंध कोकणकिनारा. सारे कागदाचे, पाठीला गोंद लावलेले, गुंडाळी उलगडून भिंतीला चिकटवून द्यायचे. आम्ही प्रत्येक ठिकाणी 'वा, फारच छान' असे म्हणून बाहेर पडलो. ते म्हणणे खोटे होते, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ओल्या न्हाणीघराला कोणता कागद लावावा, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. संगमरवर की वेळू, निळा की हिरवा, या वादाला तेथे काही अर्थ नाही. आणि हा चुकीचा प्रश्न आपण इतक्या हौसेने विचारतो याचे कारण आपल्या आवडीनिवडीत नसून आपल्या परप्रांतातल्या राहणीत आहे. आम्ही शोभेचे शत्रू नव्हे. कोरड्या दिवाणखान्यात कोणी सुरेख वेलबुट्टीचा कागद लावला तर आम्ही त्याचे मनापासून कौतुक करू. ज्या न्हाणीघराची भिंत कोरडी, ज्याला वाऱ्याची खिडकी आहे आणि ज्यात रोज बादल्या ओतल्या जात नाहीत, तेथेही आमची हरकत नाही. पण असे न्हाणीघर आपल्यापैकी कितीजणांच्या वाट्याला आले आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी पाहावे.

आता आमचीच हकीकत ऐका. तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही येथे बदलून आलो. वाट्याला आलेले घर तळमजल्यावरचे, दोन खोल्यांचे. न्हाणीघरात पांढराशुभ्र, करड्या शिरांचा संगमरवरी कागद लावलेला होता. आमच्या आधी राहून गेलेल्या गृहस्थांच्या रसिकतेला आम्ही मनोमन दाद दिली. जुलैच्या अखेरीस त्या संगमरवराला एका कोपऱ्यात फुगवटा आला. ऑगस्टात वास सुटला. भिजके कपडे पेटीत राहून गेले म्हणजे सुटतो तसा. त्याच सुमारास आमच्या पाच वर्षांच्या मुलीला रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली. डॉक्टरांनी औषध दिले आणि जाता जाता विचारले, 'घरात कोठे ओल आहे काय?' आम्ही 'नाही' म्हणालो. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. भिंतीवर संगमरवर दिसत होता, ओल दिसत नव्हती.

मग आम्ही काय केले? रविवारी सहकुटुंब बाजारात जाऊन नवा कागद निवडायला बसलो. दोन तास बसलो. सौ.ला वेळूचे बन पसंत, मुलीला मासे, आणि आमचे बालपण कृष्णाकाठी गेलेले असल्यामुळे आम्हांला वाहत्या पाण्याचे चित्र. त्या दोन तासांत रंगाचा विचार झाला, नक्षीचा झाला, भावाचा झाला, खोली लहान असल्याने फिकट रंग घ्यावा की गडद याचा झाला, पाहुणे काय म्हणतील याचाही झाला. भिंत ओली का आहे, एवढा एक प्रश्न कोणाच्या तोंडून निघाला नाही. दुकानदाराच्या तोंडून तो निघण्याचे कारण नव्हते; आमच्या तोंडून निघायला हवा होता.

जुना कागद उतरविण्यासाठी जवळच्या वस्तीतला एक मिस्त्री बोलावला. त्याने फुगलेला कोपरा धरून ओढताच सबंध कागद भिजलेल्या सालीसारखा त्याच्या हाती आला. मागची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. गिलाव्याचे पोपडे सुटले होते, त्यावर लोणा फुलला होता. आणि त्या काळ्या डागांच्या बरोबर वर, लाल रंगात कुंचल्याने काढलेले एक मोठे वर्तुळ होते. वर्तुळात 'सीलन' हा हिंदी शब्द, आणि खाली चार वर्षांपूर्वीची तारीख.

शेजारी विचारपूस केली तेव्हा त्या वर्तुळाचा इतिहास कळला. पूर्वीच्या बिऱ्हाडकरूंनी रीतसर तक्रार केली होती. पाहणीला आलेला माणूस वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचा सांधा गळतो असे सांगून, भिंतीवर खूण करून गेला होता. दुरुस्तीला माणूस यायच्या आत घरी एक कार्य निघाले, पाहुण्यांपुढे ती भिंत कशी दाखवायची म्हणून तिच्यावर संगमरवर चढविण्यात आला. पुढे दुरुस्तीचा माणूस आला तेव्हा त्याला कोरडी, सुंदर भिंत दिसली. त्याने तसा शेरा मारला आणि प्रकरण निकाली निघाले.

वाचकहो, आपण सारे कागदावर पोट भरणारे लोक आहोत. प्रकरण निकाली निघणे म्हणजे काय आणि प्रश्न सुटणे म्हणजे काय, यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. कचेरीत एखाद्या अर्जदाराचे काम न करता नुसत्या उत्तराने त्याची बोळवण झाली, तर आपल्यातला सज्जन माणूस मनात ओशाळतो. तोच सज्जन माणूस घरी येऊन आपल्या न्हाणीघराची तीच वासलात लावतो, आणि वर पाहुण्यांना ती दाखवितो. आमच्या आधीच्या गृहस्थांना आम्ही नावे ठेवीत नाही, कारण त्यांचाच कित्ता गिरविण्यासाठी आम्ही वेळूच्या बनाची गुंडाळी पैसे मोजून घरी आणून ठेवली होती. मिस्त्रीने ती गुंडाळी पाहिली, भिंत पाहिली, आणि म्हणाला, 'पहिली पानी ला रोकव साहब, भिथिया ला पाछू देखबो.' आधी पाणी थांबवा, भिंतीचे मागून पाहू. आम्ही पदवीधर, पण हे वाक्य आम्हांला सुचले नव्हते.

ओल्या भिंतीचे शास्त्र फार अवघड नाही. विटा आणि गिलावा ही सच्छिद्र वस्तू आहेत. गळक्या नळाचे, झिरपत्या सांध्याचे किंवा पावसाचे पाणी त्यांत शिरते, आणि हवेला वाट असेल तर पृष्ठभागावरून वाफ होऊन निघून जाते. रायपुरात वर्षाला सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की भिंत मुळातच सावकाश सुकते. अशा भिंतीवर आपण प्लॅस्टिकचा थर असलेला कागद चिकटविला म्हणजे पाण्याची बाहेर पडण्याची उरलीसुरली वाटही बुजते. ते मागेच साचते. बुरशीला ओल हवी, अन्न हवे आणि वाऱ्याची झुळूक नको. कागदाच्या मागे तिला तिन्ही गोष्टी मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. आमच्या मुलीचा खोकला त्या भिंतीमुळेच होता असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. भिंत सुकल्यानंतर तो थांबला, एवढे सांगू शकतो.

ओल्या भिंतीवरच्या कागदाचा धडा युरोप फार पूर्वी शिकला आहे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली सोमलापासून एक झगझगीत हिरवा रंग तयार केला. एकोणिसाव्या शतकात तो आणि त्याच्या जातीचे दुसरे हिरवे रंग घरोघरच्या भिंतींच्या कागदांवर चढले. दिवाणखाने शोभिवंत झाले, आणि काही घरांतली माणसे, विशेषतः मुले, आजारी पडू लागली. १८९० नंतरच्या दशकात गोसिओ या इटालियन वैद्याने दाखवून दिले की दमट भिंतीवर कागदाच्या खळीत बुरशी वाढते, आणि तीच त्या रंगातल्या सोमलापासून लसणीच्या वासाचा विषारी वायू तयार करते. आजच्या कागदात सोमल नसतो. तशी भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या प्रकरणातले दोन गुन्हेगार, दमट भिंत आणि तिच्यावरची बुरशी, आजही जसेच्या तसे आहेत. त्यांना झाकणारा पडदा तेवढा अधिक टिकाऊ झाला आहे.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, 'घर सरकारी आहे, आपले नाही. दोन-तीन वर्षांचा मुक्काम. तेवढ्यासाठी भिंत कोण खोदत बसतो?' वरवर पाहता हे बिनतोड वाटते. पण या घरासाठी आपला घरभाडेभत्ता बंद होतो आणि परवाना शुल्क दरमहा पगारातून कापले जाते. मालकी आपली नसेल, वास्तव्य आपले आहे. भिंत सरकारची असेल, खोकणारे मूल आपले आहे. शिवाय दोन-तीन वर्षे म्हणता म्हणता आपले आयुष्य निघून जाते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशा आठ-दहा घरांतून आपण राहतो, आणि 'हे काही आपले घर नव्हे' असे प्रत्येक ठिकाणी म्हणत निवृत्त होतो. मग आपण राहिलो तरी कोठे?

याच गावात याचे उत्तर देऊन गेलेला एक माणूस आपल्या भाषेचा होता. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. पण १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून जे मासिक काढले ते हिंदीत, आणि त्याचे नाव ठेवले 'छत्तीसगढ मित्र'. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. १९२६ साली रायपुरातच त्यांचा अंत झाला. ज्या प्रदेशात राहायचे त्याचे मित्र होऊन राहायचे, हा त्यांच्या जीवनाचा अर्थ आम्ही समजतो. आपल्याला मासिके काढण्याचे सामर्थ्य नसेल. पण आपण राहतो त्या भिंतीशी निदान वैर तरी करू नये.

पूर्वपक्ष पुढे म्हणतो, 'तक्रार करून काही होत नाही. तीन वेळा लिहिले, कोणी आले नाही.' या तक्रारीत तथ्य आहे आणि तिच्यामागचा वैताग आम्हीही भोगला आहे. आमचा सांधा दुरुस्त व्हायला चार अर्ज आणि पाच महिने लागले. पण भिंत उघडी, काळी आणि ओली होती म्हणूनच पाचव्या महिन्यात का होईना, कोणाला तरी ती नाकारता आली नाही. तिच्यावर वेळूचे बन उभे असते तर आमचा पहिलाच अर्ज खोटा ठरला असता. पीडिताने स्वतःच पुरावा झाकावा आणि मग न्याय मिळत नाही म्हणावे, हे कोणत्या तर्कात बसते?

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आमच्या घरातूनच आला. सौ.ने विचारले, 'मग आम्ही जन्मभर सरकारी पिवळ्या डिस्टेंपरकडेच बघत राहायचे? स्वतःच्या आवडीची एक भिंतसुद्धा आमच्या वाट्याला येऊ नये?' हा प्रश्न रास्त आहे. दर तीन वर्षांनी पेट्या बांधणाऱ्या, नव्या गावात नवी दूधवाली शोधणाऱ्या आणि मुलांच्या शाळा बदलणाऱ्या स्त्रीला आपल्या हाताने एखादी जागा सजवावीशी वाटली, तर तिला नावे ठेवणाऱ्याच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की त्या सजावटीसाठी बाजारातली गुंडाळीच हवी असे नाही. ज्या मुलखात आपण राहतो तेथे याहून चांगली वाट दिसते.

रायपूरपासून थोडे बाहेर पडले की मातीच्या घरांना छुही माटीने, म्हणजे पांढऱ्या मातीने, पोतलेले दिसते. दिवाळीच्या आधी गृहिणी स्वतः हा हात फिरवितात. उत्तरेला सरगुजा भागात रजवार स्त्रियांनी तर भिंतीलाच कलेचे रूप दिले. पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांनी लहानग्या मुलाला खेळणी हवीत म्हणून मातीची चित्रे घडविण्यास आरंभ केला, आणि पुढे घराच्या भिंतींवर पशू, पक्षी व माणसे उठावात उभी केली. घर तापते म्हणून बांबूच्या कामट्या वळवून त्यांवर माती लिंपली आणि जाळ्या केल्या. त्यांतून वारा आत येई, उजेडाची नक्षी जमिनीवर पडे. १९८३ साली त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. २००७ साली त्या वारल्या. त्यांच्या कलेचे मोठेपण सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट कारकुनालाही कळते: वाऱ्याची वाट मोकळी ठेवून शोभा साधता येते, एवढेच नव्हे तर तीच वाट शोभेची जागा होऊ शकते.

आपल्या पक्क्या न्हाणीघराला माती चालणार नाही, चुना चालेल. आणि चुन्याचे तर हे माहेरघर. रायपूर आणि बलौदा बाजार यांच्या परिसरात जमिनीखाली चुनखडीचे थर पसरलेले आहेत. त्यांच्याच जिवावर येथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, थोडा डिंक आणि नखभर नीळ घालून भिंतीला पातळ हात द्यावेत. भिंतीतली वाफ चुन्यातून बाहेर पडते. ताजा चुना इतका तीव्र असतो की बुरशी त्यावर जीव धरीत नाही. हवेतला कार्बनचा वायू शोषून तो पुन्हा दगडासारखा होतो आणि तीव्रता हळूहळू कमी होते. म्हणूनच आपले वाडवडील दरवर्षी, दिवाळीच्या तोंडावर, तो नव्याने देत. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमची आजी न्हाणी घासून, घंगाळ उजळून, पाणी भरून त्याला कारिटाची माळ घालीत असे, तेव्हा त्या न्हाणीच्या भिंतीला आठ दिवसांपूर्वीचा चुन्याचा हात असे. त्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाची आठवण आम्ही परमुलखात मोठ्या गहिवराने सांगतो. भिंतीची आठवण मात्र कोणी काढीत नाही.

चुन्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आम्हीही दुकानदारच ठरू. चुना गळती थांबवीत नाही. सांधा आधी दुरुस्त व्हावा लागतो. तेलरंगावर किंवा प्लॅस्टिक रंगावर तो धरत नाही, तो थर खरवडावा लागतो. अंगावर सतत पाणी उडते तेथे तो धुपतो, म्हणून तेवढ्या उंचीपर्यंत फरशी हवी. विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांत गेल्यास इजा करतो. मुलांना दूर ठेवावे. आमच्या घरी हा क्रम पाळला: आधी सांधा, मग सैल गिलावा पाडून नवा, मग दोन महिने भिंत उघडी, मग चुना. पहिले दोन हात मिस्त्रीने दिले, तिसरा सौ.ने. खिडकीखाली गेरूने चार मासे तिने काढले आहेत. ते मुलीच्या आवडीचे. पावसाळ्यात एका कोपऱ्यात अजून फिकट डाग उमटतो. तो दिसतो, म्हणून आम्ही त्याची नोंद करतो.

शेवटी एक सूचना. आपल्याला कागदाची एवढी हौस असेल तर घर सोडताना प्रत्येकाने एक कागद अवश्य लावावा. न्हाणीघराच्या भिंतीवर नव्हे, दाराच्या आतल्या बाजूला. त्यावर स्वच्छ अक्षरात लिहावे की पाणी कोठून झिरपते, कोणत्या तारखेला तक्रार केली, काय दुरुस्त झाले, काय राहिले. मागून येणारे बिऱ्हाड मराठी असेल, बंगाली असेल, तामिळ असेल. म्हणून तो हिंदीत लिहावा. त्या बिऱ्हाडात एखादे लहान मूल असणार. आमचा कागद आम्ही लिहून तयार ठेवला आहे. वेळूच्या बनाची गुंडाळी मात्र अजून माळ्यावर पडून आहे. कोणाची भिंत कोरडी असल्यास घेऊन जावी.